हिशेब विचारणे ही सुद्धा अमानत

परीक्षा जवळ आली की आमच्या वर्गातल्या मुलींची तक्रार ठरलेली असते. घरात अभ्यासाला जागा नाही. एक खोली, सहा माणसे, एका कोपऱ्यात टीव्ही, दुसऱ्यात अम्मीचे शिलाई मशीन. वस्तीजवळ सार्वजनिक पैशातून बांधलेली एक अभ्यासिका आहे. तिच्यावर फलक आहे, दाराला कुलूपही आहे. एका मुलीने विचारले, "हिची चावी कोणाकडे असते?" नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या आम्हाला उत्तर देता आले नाही.

हे शहर कोणाच्या मेहेरबानीने उभे राहिलेले नाही. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातील 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली गेली. जानेवारी 1984 मध्ये मोबदल्यासाठी उरण परिसरात आंदोलन पेटले, गोळीबारात पाच भूमिपुत्र हुतात्मा झाले आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली. सिडको भूखंड विकते आणि त्या पैशातून रस्ते, स्थानके, वसाहती उभ्या राहतात. म्हणजे हा पैसा मुळात लोकांच्या जमिनीचा आहे. 1992 मध्ये नवी मुंबई महानगरपालिका आली, 2016 मध्ये पनवेलची. खारघर, कळंबोली, तळोजा हा भाग आता पनवेल महापालिकेत आहे. आपल्या गल्लीतले काम सिडकोचे की पालिकेचे, हेच अनेकांना ठाऊक नसते. कोणाला विचारायचे ते कळत नाही, म्हणून कोणीच विचारत नाही.

देखरेखीची व्यवस्था कागदावर आहे. सिडको ही राज्य सरकारची कंपनी, त्यामुळे तिचे हिशेब भारताच्या महालेखापरीक्षकांपुढे येतात. मार्च 2020 मध्ये विधिमंडळात आलेल्या त्यांच्या अहवालात सिडकोच्या निविदा प्रक्रियेवर गंभीर आक्षेप होते. त्याच वर्षी मे महिन्यात नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे प्रशासकाचा कारभार राहिला. खर्च ठरवणारा तोच, मंजूर करणाराही तोच. सभागृहात उठून "हे पैसे कुठे गेले?" असे विचारणारे कोणी नव्हते. अशा वेळी प्रश्न विचारण्याचे काम नागरिकांवर येते.

पालकांच्या बैठकीत आम्ही माहिती अधिकाराचा विषय काढला. एक वडील हळू आवाजात म्हणाले, "आपण मुसलमान, आपण कशाला नजरेत यायचे?" ही भीती आम्ही हसून उडवली नाही. 2005 च्या कायद्यात माहिती का हवी याचे कारण द्यावे लागत नाही, एवढेच आम्ही सांगितले. अखेर एका अम्मीने स्वतःच्या नावाने अर्ज केला. शुल्क दहा रुपये, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. त्यात कार्यादेशाची, मोजमाप पुस्तिकेची आणि अंतिम देयकाची प्रत मागितली. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील करता येते. आम्हाला ते करावे लागले.

उत्तर आले तेव्हा घोटाळा निघेल असे अनेकांना वाटत होते. निघाले वेगळेच. बांधकाम पूर्ण, देयक अदा. पण दार उघडणाऱ्या माणसाच्या पगारासाठी आणि वीजबिलासाठी कुठेच तरतूद केलेली नव्हती. म्हणून कुलूप. तेव्हापासून एक गोष्ट आम्ही गाठीला बांधली. समाजासाठी काही मागताना फक्त इमारत मागायची नाही, ती चालवण्याचा खर्चही मागायचा. पालकांनी तसे लेखी निवेदन दिले. आता अभ्यासिका संध्याकाळी तीन तास उघडते. पंखे अजून दोनच आहेत.

भगिनी-बंधूंनो, हिशेब विचारणे म्हणजे भांडण नव्हे. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, देण्याघेण्याचे व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याविषयी आहे. हदीसमध्ये जकात गोळा करायला पाठवलेल्या एका माणसाचा प्रसंग येतो. परत आल्यावर त्याने काही वस्तू जकातीच्या म्हणून दिल्या आणि काही आपल्याला भेट मिळाल्या म्हणून बाजूला ठेवल्या. तेव्हा पैगंबर सल्ल. यांनी त्याला सर्वांसमोर जाब विचारला. तो आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या का?

हाच प्रश्न आपल्या जमातीच्या दारातही यायला हवा. मस्जिदीच्या दुरुस्तीचा चंदा, रमजानमधली जकात, कब्रस्तानचा निधी यांचा जमाखर्च किती ठिकाणी फलकावर लागतो? पालिकेला विचारताना आपले वहीखाते उघडे असेल, तर आपल्या शब्दाला वजन येते.

या महिन्यात एवढेच करा. मुलांना घेऊन मोहल्ल्यात फिरा आणि सार्वजनिक कामाचा एक फलक शोधा. कामाचे नाव, रक्कम, मुदत वहीत लिहून घ्या. मग ते काम डोळ्यांनी पाहा. फरक दिसला तर दहा रुपयांचा अर्ज आहेच. आमच्या त्या मुलीने आता तिसरा अर्ज लिहायला घेतला आहे, पंख्यांसाठी. सही अम्मीची असेल. अक्षर मात्र तिचे आहे.