पद्मिनीसाठी गॅरेज पाहिजे!

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असेल बघा एक. कंपाउंडच्या कोपऱ्यात, करड्या कव्हरखाली, चारही टायर बसलेले, बॉनेटवर मांजर. वॉचमनला विचारलं की सांगतो, 'अमक्या काकांची आहे, चालत नाही.' आमच्या ठाण्याच्या सोसायटीत ते 'अमके काका' म्हणजे माझे बाबा आणि कव्हरखाली आहे १९८६ची प्रीमियर पद्मिनी. २००९पासून जागची हललेली नाही!

इतकी वर्षं कुणाला त्रास नव्हता. आता सोसायटी रीडेव्हलपमेंटला चाललीये आणि कमिटीची नोटीस आलीये, तीन महिन्यांत कंपाउंड रिकामं करा. बाबा म्हणाले, "भंगारवाल्याला बोलाव." इतक्या पटकन म्हणाले की मला संशयच आला. बाबा ७७ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं आणि डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. गाडी नुसती उभी होती तोवर 'काढू कधीतरी' म्हणायची सोय होती. ती सोय गेल्यावर माणूस भंगारवाल्यालाच बोलावणार ना?

मी काही बोलावला नाही. त्याऐवजी पाच वीकेंड गॅरेजं पालथी घातली.

पहिलं गॅरेज एकदम सही. चकाचक शोरूम, भिंतीवर ट्रॉफ्या, मर्सिडीजच्या शेजारी मर्सिडीज. मालकाने कॉफी पाजली आणि आकडा सांगितला, साडेसात लाख. गाडी शेवटच्या नटबोल्टपर्यंत उघडणार, पत्रा उघडा करणार, कंपनीतून आल्यासारखी परत देणार. कधी? "मॅडम, दोन वर्षं धरून चाला." पैशांचं एक वेळ लोन काढलं असतं. पण दोन वर्षांनी बाबांना गाडीत चढता येईल का, हे मला कोण सांगणार?

दुसरं गॅरेज तरुण मुलांचं. उत्साह भन्नाट! चार लाखांत इंजिन काढून छोटं मॉडर्न इंजिन, फ्लोअर गिअर, अलॉय व्हील्स, एलईडी, मेटॅलिक रेड. लॅपटॉपवर फोटोसुद्धा दाखवला. बाबा बरोबर आले होते, तासभर गप्प बसले होते. हँड गिअर काढणार म्हटल्यावर पहिल्यांदा बोलले, "मग ती आपली गाडी कुठे राहिली?" मला तिथेच कळलं की भंगाराचं प्रकरण खोटं होतं.

इंजिन बदलण्यात आरटीओचीही भानगड असते. मंजुरी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते, नाहीतर इन्शुरन्सच्या वेळी डोक्याला शॉट. आणि लोक जिला सर्रास 'व्हिंटेज' म्हणतात ती आपली गाडी कायद्याने व्हिंटेज नसते. २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला पन्नासहून जास्त वर्षं लागतात, शिवाय इंजिन आणि बॉडी मूळची हवी. आमची २०३६मध्ये पात्र होईल. तोवर ती फक्त जुनी गाडी.

मग मी उलटा विचार केला. पद्मिनी कुणाच्या हाताखालून सगळ्यात जास्त गेल्या असतील? टॅक्सीवाल्यांच्या मेकॅनिकच्या! मुंबईची काळीपिवळी म्हणजे पद्मिनीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून या टॅक्सी बंद झाल्या. म्हणजे त्यांचे मेकॅनिक अजून आहेत, हात बसलेला आहे, काम मात्र गेलंय. शोध अखेर कुर्ल्यात लागला. जिथे प्रीमियरच्या कारखान्यात ही गाडी बनायची, तिथेच जवळ एका गल्लीत दोन गाळ्यांचं गॅरेज. ट्रॉफी नाही, कॉफी नाही, कटिंग चहा आहे.

काकांनी एस्टिमेट दिलंच नाही. "उघडल्याशिवाय आकडा सांगणारा फसवतो, ताई." आणि मग त्यांनीच मला प्रश्न विचारले. बंद केली तेव्हा टाकीत पेट्रोल होतं का? पावसाचं पाणी आत जायचं का? आरसी बुक आहे का? कोण चालवणार? शेवटच्या प्रश्नाला मी सांगितलं, मी चालवणार आणि बाबा शेजारी बसणार. ते म्हणाले, "मग आधी चालू करू. रंग शेवटी."

हे आवडलं मला. पहिला टप्पा फक्त चालू करून थांबवण्याचा, सहा आठवडे, साठ-सत्तर हजार. पुढचं पुढे.

स्वतः स्टार्टर मारायच्या भानगडीत पडू नका असं त्यांनी बजावलं होतं. पंधरा वर्षांत पिस्टन रिंगा बोअरला चिकटलेल्या असू शकतात. म्हणून चारही प्लग काढून सिलिंडरमध्ये ऑइल सोडलं, काही दिवस मुरू दिलं आणि मग इंजिन हाताने फिरवलं. नवव्या दिवशी फिरलं! टाकी उतरवली, तर तळाला जुन्या पेट्रोलचा डिंक झालेला. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम सरसकट बदलायचाय, कारण आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. ब्रेकचे सिलिंडर जाम आहेतच. आणि टायर, नक्षी कितीही शाबूत दिसो, बाद. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्यावर होतं '२३०६'.

खरी भीती पत्र्याची असते. काकांनी रबरी मॅट उचलून स्क्रूड्रायव्हर टोचला आणि तो ड्रायव्हरच्या पायाशी आरपार गेला. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करायचाय. तुम्ही गॅरेज शोधत असाल तर फ्रिजवरचं एक चुंबक खिशात ठेवा. त्यांनी 'तयार' केलेल्या गाडीच्या दाराखाली, चाकांच्या कमानीवर लावून बघा. चिकटलं नाही तर आत पत्रा कमी आणि पुट्टी जास्त. चुंबक काढल्यावर मालकाचा चेहरा बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं. गाडी नेताना ती फ्लॅटबेडवरच न्या. ब्रेक नसलेली गाडी दोर बांधून ओढणं म्हणजे वेडेपणा. आणि निघण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचासुद्धा.

कागदांचं काम मात्र बोअर आहे, आणि महागही. पंधरा वर्षांवरच्या कारच्या रजिस्ट्रेशन रिन्युअलची फी एप्रिल २०२२मध्ये सहाशेवरून पाच हजार झाली आणि वीस वर्षांवरच्यांसाठी ऑगस्ट २०२५मध्ये दहा हजार. वर पर्यावरण कर, उशिराचा दंड, फिटनेस. हे सगळं गॅरेजच्या बिलाबाहेर, तेव्हा आधीच बाजूला काढून ठेवा.

सध्या बाबा दर शनिवारी माझ्याबरोबर कुर्ल्याला येतात. स्टुलावर बसतात, काकांशी जेटची साइज आणि क्लच प्लेटवर वाद घालतात. हात थरथरतो, पण कार्ब्युरेटर हातात दिला की त्यातला कुठला स्क्रू किती फेरे सोडायचा ते अचूक सांगतात. काका ऐकून घेतात, मग स्वतःचंच करतात. परवा निघताना बाबांनी त्यांना विचारलं, "पुढची सीट सलगच ठेवणार ना? तिघं बसतो आम्ही." येत्या शनिवारी व्हील सिलिंडर येतायत. आई म्हणते, तीही येणार.