परीक्षक बांधावर आणा!



सकाळी जुईनगर स्थानकावर उभे राहा. तुर्भे-रबाळ्याच्या कारखान्यांकडे निघालेल्या गर्दीत आपल्या काळ्या रानातली, आयटीआय झालेली पोरे भेटतील. पोरे शिकली याचा आम्हाला आनंदच आहे. पण तीच विद्या त्यांना गावात दोन पैसे का मिळवून देत नाही?

शिक्षण तपासणारे साहेब हजेरी, यंत्रसामग्री आणि निकालाची टक्केवारी मोजतात. अभ्यासक्रम आखते केंद्राची कोलकात्यातली संस्था. २००७ च्या केंद्रीय योजनेने संस्थांच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योजकाला दिले. उद्योजकाला विचारले, बरे केले. कोरडवाहू शेतकऱ्याला का नाही विचारले?

जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान मागितले होते. साहेब बदलले, कागद तोच राहिला.

आमची मागणी सरळ आहे. समितीत शेतकरी बसवा. परीक्षा बांधावर घ्या. पोराला जळालेली मोटार, तुंबलेला फवारणी पंप, बंद पडलेले मळणीयंत्र दुरुस्त करता आले, तर अभ्यासक्रम पास. नाही तर साहेब नापास!

बियाण्याची पारख पिशवीवरच्या चित्रावरून होत नाही, उगवणीवरून होते.