अडीच क्विंटलचा फोन

सगळ्यात आधी कबुली देते. मी के.जी.पासून कॉन्व्हेंटची. (आपल्याकडे इंग्लिश बोर्ड लावलेल्या प्रत्येक शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, ते सोडा!) त्यामुळे मॅडमनी "मराठी विभागासाठी काहीतरी दे" म्हटलं तेव्हा पोटात गोळाच आला. शेवटी निम्मा लेख मी फोनला बोलून लिहिलाय. गुगलने २०१७ मध्ये मराठी व्हॉईस टायपिंग आणलं, त्याची ही कृपा. मी 'वावर' म्हटलं की तो 'पावर' लिहितो, तेवढं हाताने दुरुस्त केलंय.

तर विषय फोनचाच. आमच्या होस्टेलवर सध्या दोनच पक्ष आहेत, आयफोन आणि ॲन्ड्रॉईड. मेसच्या लाईनमध्ये, रात्री गच्चीवर, सबमिशनच्या आदल्या दिवशीसुद्धा हाच वाद. माझा जुना फोन दोन वर्षांतच म्हातारा झाला. कंपनीचं नाव घेत नाही, पण तिने अपडेट देणं बंद केलं आणि फोन असा हँग व्हायला लागला की अलार्म बंद करायलाही पाच मिनिटं लागायची. मग नवीन फोनचं बजेट ठरलं, वीस हजार. रूममेट लगेच म्हणाली, "अगं, एवढ्यात सेकंडहँड आयफोन ११ बसतो ना! घेऊन टाक, लाईफ सेट!"

आता हे वीस हजार म्हणजे काय ते सांगते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. म्हणजे माझा फोन अडीच क्विंटलचा. २०२५ च्या फेब्रुवारीत जो 'स्वस्त' आयफोन १६ई आला, तो ५९,९०० चा. सात क्विंटलच्या वर! आमच्या कोरडवाहू वावरात चांगल्या वर्षी एकरी पाच-सहा क्विंटल होतो. म्हणजे एक अख्खा एकर खिशात घालून फिरायचं, आणि वरून कव्हर नाही लावलं तर स्क्रीन फुटायची भीती. मी हिशोब रूममेटला सांगितला. ती म्हणाली, "तू ना, फार सेंटी आहेस." असेन.

पण खरं ते खरं. ॲपल आपल्या जुन्या फोनला सोडून देत नाही. आयफोन ११ हा २०१९ चा, आणि २०२५ मध्ये आलेलं आयओएस २६ त्यालाही मिळालं. सहा वर्षं! माझ्या फोनला दोनही धड नाही मिळाली. या मुद्द्यावर मी वादात नेहमी हरायची. मग डोक्यात आलं की त्या फोनची ही सहा वर्षं तर दुसऱ्याच कोणीतरी वापरून झालीत. माझ्या वाट्याला उरलंसुरलं येणार, शिवाय थकलेली बॅटरी, आणि चार्जर लाईटनिंगवाला. एका सॉकेटवर तिघी जगतो आम्ही, आणि बाकी सगळ्यांचं टाईप-सी.

आता ॲन्ड्रॉईडवालेही बदललेत. सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं, आणि तो काही फ्लॅगशिप नाही, आपल्यासारख्यांचाच फोन आहे. म्हणून माझं मत आहे की मेगापिक्सेल विचारण्याआधी दुकानदाराला 'अपडेट किती वर्षं' हे विचारा. तो गोंधळतो, पण विचारा.

नाहीतर काय होतं ते आमच्या एका सरांना विचारा. त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून एक लुमिया आहे. सुंदर पिवळा फोन. पण विंडोज फोनवर २०१९ च्या ३१ डिसेंबरनंतर व्हॉट्सॲप बंद झालं. फोन चांगला, प्लॅटफॉर्मच गेला! सर आता त्याचा पेपरवेट करतात.

आणि आपण इंजिनिअर होणार ना? मिनी प्रोजेक्टला आम्ही ब्लूटूथवर चालणारी गाडी केली, एचसी-०५ मॉड्यूल लावून. ग्रुपमधल्या दोन आयफोनवाल्यांना तो मॉड्यूल जोडताच येईना. तो जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ सीरियलवर बोलतो आणि आयफोन ते ॲपलने मान्य केलेल्या उपकरणाशिवाय ऐकत नाही. बीएलई मॉड्यूल घेतलं असतं तर जमलं असतं, पण व्हायवा दुसऱ्या दिवशी होता! शेवटी वॉचमन काकांच्या साध्या ॲन्ड्रॉईडवर गाडी पळाली. ॲप बनवायचं तरी तेच. ॲन्ड्रॉईड स्टुडिओ माझ्या रडक्या लॅपटॉपवर चालतो, प्ले स्टोअरला एकदाच २५ डॉलर भरायचे. तिकडे मॅक पाहिजे, आणि वर दरवर्षी ९९ डॉलर.

गुगल काही संत नाही हां. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने ॲन्ड्रॉईडच्या दादागिरीबद्दल त्याला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोकला होता. (हीसुद्धा सीसीआयच. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कापूसवाल्यानं गुगलले कायले दंड केला?") स्वस्त ॲन्ड्रॉईडमध्ये जाहिराती आणि नको ती ॲप्स कोंबलेली असतात, तीही डोकेदुखीच.

बाबांवरून आठवलं. माझा निर्णय खरं तर त्यांच्यामुळे झाला. गेल्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करावी लागली. बाबा वावरात, मी होस्टेलच्या जिन्यात. "बाबा, वर उजवीकडे तीन टिंबं दिसतात का?" "दिसतात." "ते दाबा." ई-पीक पाहणीलाही असंच. त्यांचा फोन ॲन्ड्रॉईड, माझाही ॲन्ड्रॉईड, म्हणून मी न बघता सांगू शकले. माझ्या हातात वेगळाच फोन असता तर दोघंही आंधळे. आणि माझा हा फोन पुढे त्यांच्याकडेच जाणार आहे, आमच्या घरात फोन असेच खाली उतरतात.

बाबांनी मला फक्त एकच विचारलं. "बाई, हा बिघडला तं यवतमाळात दुरुस्त होते का, का नागपूरले न्या लागते?"

मी परवा दत्त चौकात जाऊन विचारून आले. स्क्रीन मिळते, एका दिवसात बसवूनही देतात. रविवारी बाबा येताहेत, तेव्हा घेऊ. रूममेटचा आयफोन १५ आहे, माझी 'चॉईस' तिला अजून पटलेली नाही. पण त्यालाही टाईप-सीच लागतं, त्यामुळे चार्जर ती माझाच वापरते.