मान टाकलेले रोप

दसरा उलटला आणि माळव्यातील काळ्या जमिनीला वाफसा आला की आमच्या इंदुरातील मराठी घरांच्या परसांत टोमॅटोच्या रोपांची देवघेव सुरू होते. संध्याकाळी मोठ्या हौसेने लावणी होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पाहावे तो सगळी रोपे माना टाकून पडलेली! मग घरात जी धांदल उडते, तिच्याविषयी या वेळी लिहावे असे आम्हांस वाटते. कारण अशी रोपे उन्हापेक्षा या धांदलीनेच अधिक मरतात, असे शाळेच्या बागेत आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत.

जमिनीतील पाणी शोषण्याचे काम मुख्यतः मुळांच्या टोकांजवळील केसांहून सूक्ष्म अशा मूलरोमांचे. रोप उपटताना त्यांतील बहुतेक तुटून जुन्या मातीतच राहतात. वरची पाने मात्र तेवढीच, आणि ऊन-वारा त्यांतील पाणी ओढीतच असतात. आवक आटली, जावक मात्र चालूच. अशा वेळी आवक बळेच वाढविता येत नाही. जावक तेवढी रोखता येते. म्हणून पहिला उपाय सावलीचा. एरंडाची वा पळसाची पाने खोचावीत, अथवा चार काठ्यांवर जुने पोते ताणावे. पश्चिमेचे ऊन अडावे, पण वारा खेळता राहावा. चार-पाच दिवस अकरा ते चार एवढी सावली पुरते. पुढे ती रोज थोडी कमी करीत जावी.

पाणी लावणीच्या वेळीच एकदा भरपूर द्यावे, म्हणजे माती मुळांना बिलगते. त्यानंतर बोट दोन पेरे खोल खुपसून पाहावे. माती ओलसर लागली तर झारी खाली ठेवावी. आमची काळी माती पाणी फार काळ धरून ठेवते. तीतील हवा निघून गेली की मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेले रोपही तहानलेल्यासारखीच मान टाकते! घरोघरी फसगत होते ती येथेच. रोपाची खरी परीक्षा सकाळी घ्यावी. दुपारी मलूल दिसणारे रोप सूर्योदयाला ताठ असेल, तर काळजीचे कारण नाही. सकाळीही मान खाली आणि माती चिकट असेल, तर पाणी थांबवून वरची माती हलक्या हाताने मोकळी करावी. बुंधा जमिनीलगत काळपट व बारीक झाला असेल तर मात्र ती मर होय. असे रोप उपटून दूर टाकावे.

टोमॅटोचा एक गुण पुष्कळांना ठाऊक नसतो. त्याचे खोड मातीत गाडले की त्या खोडालाच नवी मुळे फुटतात. म्हणून उंच, किडकिडीत रोप खालची पाने खुडून जरा खोल लावावे. मिरची-वांग्याला हा न्याय लावू नये.

युरियाची चिमूट टाकण्याचा मोह शेजाऱ्यांच्या सल्ल्याने हमखास होतो. जखमी मुळांना ते मीठच. दोन-तीन आठवडे खताचे नाव काढू नये. पाचवीतील एक उत्साही विद्यार्थी मुळे धरली की नाही हे पाहण्यासाठी रोज सकाळी रोप उपटून पुन्हा लावीत असे. त्याच्या जिज्ञासेचे कौतुक करून आम्ही त्याच्याकडे पोती ताणण्याचे काम सोपविले.

उन्हाने पांढुरकी झालेली जुनी पाने पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे पाहून हताश होऊ नये. नजर शेंड्यावर ठेवावी. आठ-दहा दिवसांत तेथे नवे पान उलगडले की रोप लागले. ते नवे पानच आखडून, वाटीसारखे मुरडून येत असेल, तर तो बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणुरोग. त्यावर औषध नाही, आणि ते रोप ठेवल्यास शेजारच्यांना धोका. याकरिता लावणीच्या दिवशीच पाच-सहा रोपे कुंडीत सावलीला राखून ठेवावीत, म्हणजे नांग्या भरण्यासाठी पुन्हा दारोदार हिंडावे लागत नाही.