क्रूझला जरूर जा, पण हिशोब समजून जा

मैत्रिणींनो, सध्या प्रत्येक भिशीत क्रूझचा विषय निघतो. समुद्राची हवा हवीशी वाटणे साहजिक आहे. जाऊ नका असे मी मुळीच म्हणणार नाही. फक्त जाहिरातीतले जहाज मनात धरून निघू नका.

आधी पैशांचे बोलू. जाहिरातीतला दर बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघे धरून. जीएसटी, बंदराचे शुल्क, सेवा शुल्क, वाय-फाय, किनाऱ्यावरची सहल हे बरेचदा वेगळे. म्हणून ‘घरातून निघून घरी येईपर्यंत एकूण किती?’ असाच प्रश्न विचारा.

दुसरी गोष्ट अ‍ॅडव्हान्सची. २०१९ मध्ये मुंबईहून जलेश कंपनीचे ‘कर्णिका’ जहाज मोठ्या थाटात सुरू झाले. २०२० संपण्याआधी कंपनी बंद पडली आणि जहाज भंगारासाठी अलंगला गेले. आपण ज्याला बुकिंग म्हणतो, ते कंपनीच्या वहीत आपले देणे असते. कंपनी बुडाली की तारण घेतलेल्या बँका पुढे आणि आपण रांगेत मागे. कोविडमध्ये काही परदेशी कंपन्यांनी रोख परताव्याऐवजी सव्वापट क्रेडिट देऊ केले होते. ऐकायला गोड, पण क्रेडिट म्हणजे रोकड नव्हे. त्याला मुदत असते, अटी असतात. तेव्हा फार आधी सगळी रक्कम भरू नका, रद्द करण्याचे नियम वाचा, विमा घ्या.

तिसरे, ठरलेले बंदर मिळेलच असे नाही. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून मुरगावला पोहोचलेल्या जहाजावर ६६ जण कोविडबाधित निघाले. हौसेने गोवा बघायला गेलेली माणसे तपासणीचे निकाल येईपर्यंत जहाजातच अडकून पडली. अशा वेळी मॅनेजरवर ओरडून काय मिळणार?

जेवणाचे मात्र गृहीत धरू नका. कांदा-लसूण, कंदमूळ नको असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी लवकरची पंगत आहे का तेही विचारावे आणि सोबत खाखरा ठेवावा.

शेवटचे, आणि मला सर्वात महत्त्वाचे वाटते ते. गोव्यातली, कोकणातली कितीतरी मुले जहाजांवर नोकरी करतात. २०२० मध्ये ती कित्येक आठवडे समुद्रात अडकली, नंतर काम नसल्याने घरी बसली. त्यानंतर कुठे ती पुन्हा उभी राहिली. ताट यायला दहा मिनिटे उशीर झाला तर आवाज चढवू नका.

पैशांच्या बाबतीत काटेकोर आणि माणसांच्या बाबतीत सैल राहिलात, तर तीन दिवसांची सफरही पुरेशी वाटेल.