चावी कुणाच्या खिशात?

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षात काही गोष्टी ठरलेल्याच असतात. कुणाचा तरी एम-थ्री अजून सुटलेला नसतो, कुणाचं तरी जर्नल व्हायवाच्या आदल्या रात्री लिहून होतं आणि कुठल्या तरी ग्रुपचा प्रोजेक्ट 'वाहन चोरी प्रतिबंधक यंत्रणा' हाच असतो. आमच्या ई अँड टीसीच्या लॅबमधलं मागचं कपाट उघडा. काळी बायंडिंग, सोनेरी अक्षरं आणि नाव थोड्याफार फरकाने तेच. आत एक मायक्रोकंट्रोलर, एक जीएसएम मॉड्यूल, एक जीपीएस मॉड्यूल, एक रिले. गाडी हलली की मालकाला मेसेज, मालकाने उलट मेसेज केला की इंजिन बंद. टेबलावर खेळण्यातली गाडी ठेवायची, एक्स्टर्नलसमोर मेसेज पाठवायचा, चाकं थांबली की टाळ्या!

आमच्या ग्रुपनेही हाच प्रोजेक्ट घेतला होता. पण मी तो मार्कांसाठी घेतला नव्हता. माझ्या सख्ख्या चुलत्यांची, म्हणजे नानांची, पिकअप चोरीला गेली होती.

नाना जुन्नर तालुक्यातले. नारायणगावच्या बाजूला टोमॅटो किती पिकतो हे मी सांगायला नको. नाना गावातल्या शेतकऱ्यांचा माल भरायचे. वीस किलोची साठ-सत्तर कॅरेट चढवायची, संध्याकाळी निघायचं, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरायचा आणि पहाटेच्या आत मुंबईकडच्या मार्केटात पोचायचं. गाडी कर्जावर घेतलेली, महिन्याला १६ हजारांचा हप्ता. घरात दुसरं उत्पन्न म्हणजे दीड एकर जमीन आणि दोन गाई.

त्या रात्री तीनच्या सुमारास माल उतरला. नाना पट्टी घ्यायला आडत्याच्या गाळ्यावर गेले. जेमतेम दहा मिनिटं. चावी गाडीतच होती. परत आले तर गाडीच्या जागी दुसऱ्याचा टेम्पो उभा.

आता तुम्ही म्हणाल, चावी गाडीत ठेवायचीच कशाला? मीही तेच म्हणालो होतो, आणि जरा चढ्या आवाजातच. नानांनी शांतपणे सांगितलं, "बाळा, तू एकदा रात्री माझ्यासंगं चल. रांगेत गाडी दर पाच मिनिटाला पुढं घ्यावी लागती. हमाल बोंबलतोय, मागचा हॉर्न मारतोय. मी खाली उतरून दोर सोडत असलो तर हमालच गाडी दोन हात पुढं घेतो. चावी खिशात ठेवून कसं चालंल?"

या एका वाक्यानं माझा अर्धा प्रोजेक्ट निकालात निघाला. आपण वर्गात चोर डोळ्यासमोर ठेवून कुलूप डिझाइन करतो. गाडीवाल्याचा दिवस कसा जातो, हे कुणी बघतच नाही! एका फेरीत वीस-पंचवीस वेळा गाडी बंद-चालू करणाऱ्या माणसाला जे कुलूप जाच वाटेल, ते तो चौथ्या दिवशी सोडून देणार. आणि न लावलेलं कुलूप कितीही महागाचं असलं तरी ते कुलूप नव्हे. माझं या लेखातलं म्हणणं एवढंच आहे, बाकी त्याचा खुलासा.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कंपनीचाच इमोबिलायझर येतो. चावीच्या डोक्यात एक बारीक चिप असते, इग्निशनच्या भोवती तांब्याची कॉइल असते. चावी घातली की कॉइल चिपला विचारते, "तू कोण?" उत्तर बरोबर आलं तरच ईसीयू डिझेल सोडतो. बनावट चावीवाल्या चोरापुढे ही युक्ती उत्तम आहे. पण खरी चावीच आत लटकत असेल तर? मग ही सगळी यंत्रणा चोरालाच मालक समजून सलाम ठोकते.

पुढे आमचा प्रोजेक्ट तयार झाला. प्रदर्शनाला नाना आले. खेळण्यातली गाडी थांबली, सगळ्यांनी वाहवा केली. नानांनी खाली वाकून रिलेकडे बघितलं आणि तीन प्रश्न विचारले.

"यातल्या सिमचं रिचार्ज कोण मारणार?"

"घाटात रेंज नसली तर?"

"आन् मी माळशेज उतरत असताना हे चुकून बंद पडलं तर?"

पहिल्या दोन प्रश्नांवर मी काहीतरी ठोकून दिलं. तिसऱ्यावर गप्प बसलो. कारण उत्तर मला माहीत होतं. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम पंप इंजिनवर चालतो. इंजिन थांबलं की पंप थांबतो. साठलेल्या व्हॅक्युमवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतात, नंतर पॅडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. मागे दीड टन टोमॅटो आणि पुढे वळण! आमच्या १२० पानी रिपोर्टमध्ये 'फ्यूचर स्कोप' होता, पण ही ओळ नव्हती. एक्स्टर्नलनेही ती विचारली नाही. विचारली ती दहावी पास नानांनी.

जीपीएस ट्रॅकर वाईट असं मी म्हणत नाही. गाडी गेल्यावर ती कुठल्या रस्त्याला लागली हे कळलं तर पोलिसांना मोठीच मदत होते. पण ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरी झाल्याचं कळवतो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घातली की त्याला उपग्रह दिसत नाहीत. आणि चोराने बॅटरीची वायर काढली की तो आतल्या छोट्या बॅटरीवर काही काळच टिकतो. लावायचा असेल तर जरूर लावावा, पण इंजिन बंद करण्याची सोय चालत्या गाडीवर वापरू नये. गाडी एकदा उभी राहिली, की ती परत सुरू होऊ द्यायची नाही, एवढंच काम रिलेला द्यावं.

मग साधा उपाय काय? गॅरेजवाल्यांना तो कधीपासून माहीत आहे. चोरबटण! इग्निशनपासून स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे जी बारीक वायर जाते तिच्यात एक लपवलेलं बटण टाकायचं. बटण बंद असलं की चावी असो वा नसो, स्टार्टर फिरणार नाही. बटण ५० रुपयांचं, मजुरी वेगळी. यातली गंमत अशी, की चालत्या गाडीत हे बटण खराब झालं तरी इंजिनवर काही परिणाम नाही, कारण इंजिन सुरू झाल्यावर स्टार्टरचं काम संपलेलं असतं. याउलट जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काही गाड्यांत डिझेल रोखणारा सोलेनॉइड असतो. बटण त्याच्या वायरीत टाकलं तर बंदोबस्त जास्त पक्का होतो, पण वायर सैल झाली की भर रस्त्यात इंजिन बंद. म्हणजे पुन्हा माळशेजचाच प्रश्न.

स्टार्टरच्या बटणाला एक पळवाट राहते: धक्का स्टार्ट. म्हणून गाडी उतारावर लावायची नाही. शक्यतो तोंड भिंतीकडे करून, उजेडात लावायची. नव्या गाडीत वायरिंगला हात लावण्याआधी वॉरंटीचं विचारून घ्यायचं. रात्री लांब मुक्काम असेल तर स्टिअरिंगला लोखंडी दांड्याचं कुलूप. आणि चावीला प्लॅस्टिकची स्प्रिंगची दोरी, दुसरं टोक पँटच्या पट्ट्याला. कंडक्टरच्या पंचाला किंवा दुकानदाराच्या किल्लीला असते तशी. माणूस खाली उतरला की चावी आपोआप बाहेर ओढली जाते. हमालाला गाडी पुढे घ्यायची असेल तर त्यानं नानांना हाक मारायची. दहा सेकंद जातील, पण गाडी राहील!

आता कागदपत्रांविषयी थोडं, कारण इथेच घरं बुडतात. थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचा आहे, पण त्यात चोरीचा एक रुपयाही मिळत नाही. चोरीसाठी पूर्ण पॅकेजचाच विमा लागतो. नानांचा तो होता. पण क्लेमच्या वेळी कंपनीने दोन्ही चाव्या मागितल्या. एक तर गाडीबरोबर गेलेली! 'वाजवी काळजी घेतली नाही' असा शेरा पडला आणि क्लेम अडकला तो अजून अडकलेलाच आहे. म्हणून चोरी झाली तर आधी ११२ ला फोन, लगेच एफआयआर, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा. २०२० साली एका ट्रॅक्टर चोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की एफआयआर ताबडतोब केला असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारता येणार नाही. पण कोर्टापर्यंत जाण्याइतकी उसंत हप्ते भरणाऱ्याकडे असते का?

इथपर्यंत वाचून 'गाडीवाल्यांनी सावध राहावं' असं म्हणून पान उलटू नका. पुढचा भाग आपला, म्हणजे हॉस्टेलवाल्यांचा आहे.

चोरलेली पिकअप जाते कुठे? काही गाड्या चॅसी नंबर घासून, नवा ठोकून विकल्या जातात. तो नंबर परत काढता येतो. नंबर ठोकताना खालचं पोलाद दबलेलं असतं, त्यामुळे वरचे आकडे घासले तरी फ्राय्ज रिएजंटसारखं ॲसिड लावलं की दबलेला भाग वेगळा खाल्ला जातो आणि आकडे पुन्हा दिसू शकतात. मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण एचिंग करतो, तेच तत्त्व. पण गाडी सुटी केली तर? आरसी बुकात नंबर असतात ते चॅसीचे आणि इंजिनचे. गिअरबॉक्स, दरवाजा, स्टेपनी, बॅटरी यांची तिथे नोंदच नसते. सुटे झाले की ते कुणाचेच नसतात. मेरठच्या सोतीगंज बाजारात वर्षानुवर्षं हेच चालत होतं, २०२१ मध्ये पोलिसांनी धडक कारवाई केली तेव्हा देशभर बातम्या आल्या. असे बाजार चालतात कारण घेणारे असतात.

आणि घेणारे कोण? आमच्याच विंगमधल्या बाहाच्या टीमने मागे भंगार बाजारातून मालवाहू रिक्षाचा गिअरबॉक्स आणला. बिल नाही, विचारपूस नाही, निम्म्याहून कमी किंमत. रात्री मेसच्या मागे सगळ्यांनी चहा घेत घासाघीशीच्या गोष्टी ऐकल्या. मीही हसत होतो. दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला तेव्हा माझं तोंड कडू झालं. तो गिअरबॉक्स चोरीचा होता असं मी म्हणत नाही. तो चोरीचा नव्हता असंही आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि खरी लाज त्याची आहे. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असूनही तो घेणं हा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड विधानाचं कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं ३१७. पण कलमाचं सोडा. स्वस्त गिअरबॉक्सच्या दुसऱ्या टोकाला पहाटे मोकळ्या जागेकडे बघत उभा असलेला एखादा नाना असू शकतो, एवढं पुरेसं नाही का?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. एक, कॉलेजच्या कुठल्याही प्रोजेक्टसाठी जुना पार्ट आणला तर बिल आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता असल्याशिवाय वर्कशॉपमध्ये घेऊ नये. स्टाफने हा नियम केला तर पोरं कुरकुरतील, पण पाळतील. दोन, रासेयोच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ता झाडतो, पथनाट्य करतो. यंदा एक दिवस वर्कशॉपमधली एनग्रेव्हिंगची मशिनं घेऊन जाऊ. गावातल्या प्रत्येक पिकअपच्या आणि छोट्या हत्तीच्या काचांवर, बॅटरीवर, स्टेपनीच्या रिमवर, गिअरबॉक्सच्या कव्हरवर गाडीचा नंबर कोरून देऊ. नंबर कोरलेली काच विकायला चोराला नवं गिऱ्हाईक शोधावं लागेल. इलेक्ट्रिकलवाल्यांनी चोरबटण बसवून द्यावं, तेही मालकाशी बोलून, त्याचा हात कुठे सहज पोचतो ते बघून. यात आयईईई पेपर होणार नाही, पण काम होईल.

हे होईल की नाही मला माहीत नाही. नाना आता दुसऱ्याची पिकअप चालवतात, रोजंदारीवर. स्वतःच्या गेलेल्या गाडीचे हप्ते अजून चालूच आहेत. गेल्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर रात्रभर मार्केटला जाऊन आलो. चावी दोरीला बांधलेली होती आणि दोरी त्यांच्या पट्ट्याला. पट्टी घ्यायला जाताना ते दहा पावलं गेले, थांबले, वळून गाडीकडे बघितलं.

गाडीत मी बसलेलो होतो. तरीही त्यांनी वळून बघितलं.

ते वळून बघणं बंद होईल असं काहीतरी आपण बनवलं, तर त्याला मी प्रोजेक्ट म्हणेन.