दुधाच्या हिशेबाशेजारी एक ठिपका

मार्चअखेरची गोष्ट. दुपारची आवराआवर करून जरा पाठ टेकते न टेकते, तोच शेजारची सूनबाई दारात. चेहरा अगदी उतरलेला. म्हणाली, "काकू, एकाच महिन्यात दोनदा पाळी आली हो. ३ तारखेला आली होती, आज ३१ला पुन्हा. सासूबाई म्हणतात उष्णता झाली असेल. मला तर धडकीच भरलीय."

मी तिला स्वयंपाकघरात नेलं, भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "मोज बघू." ३ ते ३१, नेमके २८ दिवस! वारसुद्धा तोच, मंगळवार. फेब्रुवारीतही ३ तारीखच होती. तो महिना २८ दिवसांचा, म्हणून मार्चमध्येही ३च आली आणि हिला वाटलं, आपली तारीख ३. पाळी अगदी नियमित होती, चुकला होता तो हिशेब!

मैत्रिणींनो, पाळी तारखेवर मोजायची नसते, दिवसांवर मोजायची असते. अंगावर नीट जायला लागलं तो पहिला दिवस. नुसता डाग दिसला तर तो धरू नये. तिथून पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मोजावे. हे अंतर २१ ते ३५ दिवसांत असलं आणि रक्तस्राव दोन ते सात दिवस राहिला, तर काळजीचं कारण नाही. दोन-चार दिवस मागेपुढे तर कोणाचंही होतं.

आपण कॅलेंडरवर काय काय लिहितो! दुधाचे खाडे, बाईच्या रजा, सिलिंडर कधी लावला. त्याच्याच शेजारी पहिल्या दिवशी एक ठिपका द्यायला कितीसा वेळ लागतो? चारचौघांत संकोच वाटत असेल तर वहीत लिहा, नाहीतर मोबाईलवर. आणि हो, जानेवारीत जुनं कॅलेंडर रद्दीत टाकण्यापूर्वी मागच्या पाच-सहा तारखा नव्यावर उतरवून घ्या.

याचा उपयोग? दिवस गेले की डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न, "शेवटची पाळी कधी आली होती?" त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख निघते. ३ मार्च असेल तर १० डिसेंबर. "गौरींच्या आसपास कधीतरी" असं सांगून हा हिशेब जमत नाही.

मूल हवं असणाऱ्यांनाही ठिपके उपयोगी पडतात. बीज साधारणपणे पुढच्या पाळीच्या दोन आठवडे आधी सुटतं. निदान सहा महिन्यांच्या नोंदी घ्या. सर्वांत लहान अंतरातून १८ वजा करा, सर्वांत मोठ्यातून ११. समजा, २६ आणि ३१ दिवस आहेत. मग आठव्यापासून विसाव्या दिवसापर्यंत दिवस राहण्याचा संभव अधिक. पण मूल नको असेल तर केवळ या आकडेमोडीवर विसंबू नका. एखादं आजारपण, एखादी चिंता, की हिशेब कोलमडला. अंगावर पाजणाऱ्या बायकांना तर पाळी परत सुरू होण्याआधीच दिवस राहू शकतात. त्यासाठी डॉक्टरांना विचारून खात्रीचा उपाय करावा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, बिघाड वेळीच ध्यानात येतो. आठ-आठ दिवस जातंय, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागतंय, मोठ्या गाठी पडताहेत, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त दिसतंय, दिवस गेलेले नसताना तीन महिने पाळीच नाही. यांपैकी काहीही असलं तर कॅलेंडर घेऊन सरळ दवाखाना गाठा. चाळिशीनंतर "पाळी जायचं वय, चालायचंच" म्हणून बायका अंगावर काढतात आणि अशक्तपणाने अंथरूण धरतात. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा नुसता डाग जरी दिसला, तरी थांबू नये. बहुतेकदा साधंच कारण निघतं, पण कधी कधी गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असते आणि वेळीच कळली तर उपचार होऊ शकतात.

परवा त्याच सूनबाईकडे डोकावले. कॅलेंडरवर २८ एप्रिलला छानसा ठिपका होता. यजमानांनी विचारलं म्हणे, "हा कसला गं? गॅस लावलास का?" ही म्हणाली, "घरातल्या सगळ्यांचा हिशेब असतो ना इथे, तसा हा माझा."